हाताच्या कामाचे मोल : तगरच्या कापडापासून आजच्या रास्त व्यापारापर्यंत

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत मंडळाच्या कार्याचा आढावा येतोच, आणि तो यावा हेही योग्यच आहे. परंतु मंडळाच्या विक्री-मेळाव्यात दरवर्षी एक वाद उठतो, त्या वादाच्या मुळाशी थोडे जावे, असे वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे. वाद असा की, हाताने केलेल्या वस्तूची किंमत ठरवावी कशी? गोधडी शिवणारी बाई सांगते तो भाव घेणारीला जास्त वाटतो. घेणारी मागते तो भाव करणारीच्या जिवावर येतो. दोघीही आपल्याच, आणि दोघींचेही संसार बेताचे. तेव्हा एकीला हावरी आणि दुसरीला चिक्कू म्हणून हा वाद मिटणारा नाही. हा प्रश्न फार जुना आहे. आपल्या धाराशिव जिल्ह्यात तर तो निदान दोन हजार वर्षे जुना आहे.

तेरणेच्या काठचे तेर आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिले असेल. गोरोबाकाकांच्या समाधीच्या दर्शनाला आपण जातो, तेच हे गाव. या तेरचे प्राचीन नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या कोणा ग्रीकभाषी माणसाने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची व तेथील मालाची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' या नावाने ते पुस्तक प्रसिद्ध आहे. भडोच बंदराच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे शहर आहे, असे त्यात म्हटले आहे. पैठणहून मौल्यवान दगड येत आणि तगरहून पुष्कळसे साधे कापड व तलम मलमलीचे नाना प्रकार येत. हा सगळा माल गाड्यांत भरून, बिकट वाटांनी भडोचला पोचे व तेथून गलबतांत चढे. तेर म्हणजेच तगर, हे मत संशोधक फ्लीट यांनी १९०१ साली मांडले, आणि पुढे तेरच्या पांढरीच्या टेकाडांतून निघालेल्या वस्तूंनी त्याला बळकटी दिली.

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी फार जवळचे साम्य असलेली एक मूर्ती १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे सापडली. पाँपेई हे शहर इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे त्या सालापूर्वीच आपल्याकडील कारागिराच्या हातची मूर्ती सातासमुद्रापलीकडे एखाद्या घरात जाऊन बसली होती. आपल्या जिल्ह्याला दुष्काळी आणि मागासलेला म्हणून हिणवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

परंतु अभिमानाने एवढेच सांगून थांबता येत नाही. त्याच पहिल्या शतकात प्लिनी नावाचा रोमन ग्रंथकार होऊन गेला. हिंदुस्थान दरवर्षी आमच्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो, अशी त्याने तक्रार केली आहे. आणि त्याच तक्रारीत तो असेही सांगतो की, तिकडून येणारा माल आमच्याकडे मूळ किमतीच्या शंभरपट भावाने विकला जातो. या शंभरपटीचा हिशेब आपण जरा करून पाहावा. तगरला एक रुपयाला दिलेले कापड रोमला शंभर रुपयांना विकले गेले असे धरले, तर मधले नव्याण्णव कोठे गेले? ते सारे लुबाडले गेले असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. गाडीवान होते, बैल होते, चोराचिलटांची भीती होती, वादळात बुडणारी गलबते होती. रोमच्या सरहद्दीवर तर मालाच्या किमतीच्या चौथा हिस्सा जकात भरावी लागे. व्यापाऱ्याने जोखीम घेतली, तिचा मोबदला त्याने घ्यावा, यात गैर काही नाही. खरी मेख निराळीच आहे. रोमला काय भाव आला हे व्यापाऱ्याला ठाऊक होते. तगरच्या विणकराला ते ठाऊक नव्हते. ज्याला पुढचा भाव ठाऊक नाही, त्याला स्वतःचा भाव सांगता येत नाही. पेरिप्लसच्या लेखकाने गावे लिहिली, अंतरे लिहिली, कापडाच्या जाती लिहिल्या. विणणाऱ्याचे आणि सूत काततीचे नाव मात्र कोठेच उतरले नाही.

त्या काळचे कारागीर सगळीकडे असेच दीनवाणे होते काय? तसेही नव्हते. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा एक शिलालेख आहे. त्याने लेण्यातील भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापणांची कायम ठेव ठेवली. ती कोणा सावकाराकडे ठेवली नाही. नाशिकजवळच्या गोवर्धन गावी विणकरांच्या दोन श्रेणी, म्हणजे संघ होते. त्यांपैकी एकीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने, अशी ती रक्कम गुंतवली. पहिल्या ठेवीचे व्याज वर्षाला दोनशे चाळीस होते, आणि त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी मिळावयाचे, असा चोख हिशेब दगडावर कोरलेला आहे. राजाच्या जावयाने विश्वासाने पैसा ठेवावा, अशी विणकरांच्या संघाची पत होती. एकट्या विणकराला ही पत कधीच मिळाली नसती. हातात कला तीच, माग तोच. फरक होता तो एकजुटीचा.

पुढे मध्ययुगात व्यापाराची ती मोठी वाट मोडली, तगरचे तेर झाले, आणि कारागीर गावगाड्यात बलुतेदार म्हणून बसला. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा' या पुस्तकात ही सारी व्यवस्था बारकाईने वर्णिली आहे. कुंभाराने मडकी द्यावीत, सुताराने औत नीट करावे, चांभाराने मोट शिवावी, आणि सुगीला खळ्यावर आपला वाटा उचलावा. या पद्धतीत एक गुण होता : मडक्यागणिक घासाघीस नव्हती आणि सुगी झाली की घरात दाणे येत. परंतु दोष गुणाहून मोठा होता. वाटा किती, हे कारागिराच्या कष्टावर ठरत नसे, त्याच्या जातीवर ठरे. काम नाकारण्याची त्याला मुभा नव्हती. आणि दुष्काळ पडला की खळेच नाही, मग वाटा कसला? शिवाय बलुते घरधन्याच्या नावावर. माती तुडवणाऱ्या कुंभारणीचा किंवा सूत उकलणाऱ्या कोष्टिणीचा हिशेब कोणत्याच खळ्यावर झाला नाही. गोरा कुंभार, नामदेव शिंपी, नरहरी सोनार, सावता माळी या संतांनी आपापल्या धंद्याचे नाव अभिमानाने मिरवले. समाजाने मात्र त्या धंद्यांना मान देताना हात आखडता घेतला.

त्यानंतर आल्या गिरण्या. मुंबईत १८५४ साली पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली, आणि आपल्या शेजारी सोलापूरला १८७७ साली गिरणी उभी राहिली. तिलाच पुढे जुनी मिल म्हणू लागले. आपला जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. परंतु स्वस्त कापडाला राज्याची सरहद्द आडवी येत नाही. गिरणीचे लुगडे हातमागाच्या लुगड्याहून स्वस्त पडू लागले आणि घरोघरची सूतकताई थांबली. घोंगडी तेवढी तग धरून राहिली, कारण गिरणीला तिची नक्कल साधली नाही. मेंढीची लोकर कातरायची, पिंजायची, हाताने कातायची, चिंचोक्याची खळ द्यायची आणि मग मागावर चढवायची, असा तिचा व्याप. ऊन, पाऊस, थंडी या तिन्ही ऋतूंत शेतकरी आणि धनगर तिच्यावर विसंबून असत. पण तिच्या किमतीतही कातणाऱ्या बाईचे तास कधी धरले गेले नाहीत. 'घरात बसल्या बसल्या काततात' हे शब्द आपण आजही ऐकतो. बसल्या बसल्या केलेले काम फुकटचे, ही समजूत येथूनच आलेली आहे.

या समजुतीला पहिला मोठा धक्का दिला तो चरखा संघाने. १९२५ साली महात्मा गांधींच्या पुढाकाराने अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला. सुरुवातीच्या दहा वर्षांत खादी शक्य तितकी स्वस्त करावी, म्हणजे ती खपेल, असे धोरण होते. परिणाम असा झाला की, सूत काततीच्या मजुरीवरच काटकसर होऊ लागली. खेड्यातील गरीब बाईला आधार म्हणून सुरू केलेली खादी तिच्याच पोटाला चिमटा घेऊन स्वस्त होत होती. हे ध्यानात आल्यावर गांधीजींनी १९३५ साली ठाम भूमिका घेतली, आणि आठ तासांच्या चांगल्या कामाला पोटापुरते अन्न व अंगापुरते वस्त्र मिळेल एवढी मजुरी दिलीच पाहिजे, असा ठराव चरखा संघाने केला. आठ तासांना आठ आणे मिळावेत, ही गांधीजींची इच्छा होती; तेवढे एकदम जमले नाही, परंतु मजुरी वाढली. खादी अर्थातच महागली. पुष्कळ जणांनी कुरकुर केली की, आता खादी कोण घेणार? त्यांना मिळालेले उत्तर सरळ होते : जी वस्तू करणारीला उपाशी ठेवून स्वस्त होते, ती स्वस्त नाहीच, तिची उरलेली किंमत दुसरे कोणीतरी भरत असते.

भगिनींनो, आज जगभर 'फेअर ट्रेड' म्हणजे रास्त व्यापार या नावाने जी चळवळ ओळखली जाते, तिचे मर्म या १९३५ च्या ठरावात आलेले आहे. ती चळवळ परदेशात सुरू झाली तीही एका गृहिणीच्या खटपटीतून. एडना रूथ बायलर या अमेरिकन बाई १९४६ साली प्वेर्तो रिको बेटावर गेल्या होत्या. तेथील गरीब स्त्रियांचे भरतकाम त्यांनी पाहिले, ते विकत घेतले, आणि मायदेशी परतल्यावर मोटारीच्या डिकीत घालून ओळखीच्या बायकांना दाखवत त्या विकू लागल्या. त्यातूनच पुढे मोठी विक्रीसंस्था उभी राहिली. १९६९ साली नेदरलँड्समधील ब्रूकेलेन या गावी गरीब देशांतील माल रास्त भावाने विकणारे एक दुकान निघाले, आणि पाहता पाहता युरोपात अशा दुकानांची रांग लागली. १९८९ साली अशा संस्थांचा जागतिक संघ स्थापन झाला. त्या संघाचे दहा नियम आहेत. त्यांतील आपल्या कामाचे ते असे : भाव दोघांनी मिळून, बोलून ठरवावा; त्यातून करणाऱ्याचे पोट भरले पाहिजे; बाईला आणि पुरुषाला सारख्या कामाचा सारखा दाम मिळावा; लहान मुलांना कामाला जुंपू नये; आणि हस्तकलेच्या मालाची मागणी नोंदवताना कारागिराने मागितल्यास निदान निम्मी रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावी.

हा शेवटचा नियम वरवर साधा दिसतो, पण त्याचे महत्त्व ज्यांनी उधारीवर दोरा आणला आहे त्यांनाच कळेल. कारागीर नाडला जातो तो बहुधा विक्रीच्या वेळी नव्हे, त्याच्या कितीतरी आधी, कच्चा माल घेताना. हातात पैसा नसतो, म्हणून दुकानदाराकडून उधार माल घ्यायचा. उधारी आहे म्हणून तयार माल त्यालाच, तो म्हणेल त्या भावाने घालायचा. आगाऊ रक्कम मिळाली की ही साखळी तुटते.

आपल्या महाराष्ट्रातही याचे उदाहरण आहे. मुंबईत अंधेरीच्या झोपडपट्टीतील स्त्रियांना घेऊन १९८४ साली सिस्टर इझाबेल मार्टिन यांनी क्रिएटिव्ह हँडिक्राफ्ट्स ही संस्था सुरू केली. शिवणकाम शिकलेल्या बायकांचे गट बांधले गेले, आणि त्यांनी केलेले कपडे व वस्तू युरोपातील रास्त व्यापाराच्या दुकानांत जाऊ लागल्या. तगरच्या विणकराला जे कळत नव्हते, ते या बायकांना कळू लागले : आपले काम कोठे जाते आणि काय भावाने विकले जाते.

कळणे किती मोलाचे असते, हे कोल्हापुरी चपलेने नुकतेच दाखवून दिले. महाराष्ट्र व कर्नाटक यांतील प्रत्येकी चार जिल्ह्यांत होणाऱ्या या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपला शेजारी सोलापूर जिल्हा त्यांत आहे. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या विख्यात कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात हुबेहूब तशाच चपला दाखवल्या, आणि त्या वेळी कोल्हापूरचे नावही घेतले नाही. येथे ओरड झाली, वृत्तपत्रांनी विषय लावून धरला, आणि आपल्या चपलांमागे भारतीय हस्तकलेची प्रेरणा आहे, हे कंपनीला मान्य करावे लागले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी तिने करारही केला. दोन हजार वर्षांपूर्वी तगरच्या कापडासाठी ओरडणारे कोणी नव्हते. या वेळी होते.

आपल्या जिल्ह्यालाही हा मान मिळाला आहे. तुळजापूरच्या कवडीला आणि कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आई भवानीच्या आराधिनीच्या गळ्यातली कवड्यांची माळ आपल्या परिचयाची आहे. कवडी येते समुद्रातून. तिची माळ होते ती आपल्याकडच्या हातांनी. एके काळी कवडी हे नाणे होते. बंगालकडे तर ती एकोणिसाव्या शतकापर्यंत व्यवहारात चालत असे. नाण्यांत ती सर्वांत हलकी, म्हणून 'कवडीमोल' हा शब्द आपल्या भाषेत रुजला. माळ ओवणारीचे श्रम मात्र कवडीमोलाने जाऊ नयेत. येथे एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी. मानांकनाने नाव राखले जाते. मजुरी राखली जात नाही. तुळजापूरचे नाव लावून दुसऱ्याने माळ विकू नये, एवढी व्यवस्था कायदा करील. माळेच्या किमतीतले किती रुपये ओवणारीच्या हाती पडावेत, हे कायदा सांगत नाही. ते विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने ठरवायचे आहे.

रास्त व्यापारात अडचणी नाहीत असे मात्र कोणी समजू नये. भाव वाढला की गिऱ्हाईक कमी होते, हे खादीनेही अनुभवले. परदेशी दुकानांची आवड बदलली की मागणी एकाएकी थांबते. नियम पाळल्याचा शिक्का मिळवायला आणि टिकवायला खर्च येतो, तो लहान गटांना झेपत नाही. शिवाय रास्त भाव मिळावा, म्हणून काम ओबडधोबड केले तरी चालेल, असा अर्थ कोणी काढू नये. टाका तिरका, रंग कच्चा, आणि भाव मात्र पुरा, हा व्यवहार एकदाच होतो. दुसऱ्यांदा गिऱ्हाईक फिरकत नाही. रास्तपणा दोन्ही बाजूंनी असावा लागतो.

आता आपल्या मेळाव्याकडे वळू. समजा, एक बाई रोज तीन तासांप्रमाणे वीस दिवस गोधडीला बसली. हे साठ तास झाले. धडपी घरचीच; दोरा, अस्तर वगैरेला दोनशे रुपये लागले. ही गोधडी आठशे रुपयांना गेली, तर हाती सहाशे राहिले, म्हणजे तासाला दहा रुपये. हा नुसता नमुन्याचा हिशेब आहे; पण प्रत्येकीने आपापले आकडे घालून तो करून पाहावा. तीच घेणारी बाई आपल्या मुलीला तासाला दहा रुपयांवर कोठे कामाला धाडील काय? हा प्रश्न टोमणा म्हणून विचारलेला नाही. घेणारीला साठ तास दिसतच नाहीत; तिला दिसते ती फक्त गोधडी. जे दिसत नाही त्याचा भाव कोण देणार?

म्हणून चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, मेळाव्यातील प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी जोडावी. तीत करणारीचे नाव, लागलेले तास आणि साहित्याचा खर्च लिहावा. दुसरी, मोठी मागणी असेल तेव्हा निम्मी रक्कम मंडळाच्या निधीतून आगाऊ द्यावी. तिसरी, भाव ठरवताना करणाऱ्या दोघी आणि घेणाऱ्या दोघी अशा चौघींनी एकत्र बसावे, आणि एकदा ठरल्यावर मेळाव्यात घासाघीस करू नये. चौथी, काम पाहूनच वस्तू मांडावी. कच्चे असेल तर ते प्रेमाने परत करावे आणि सुधारून घ्यावे.

यात अवघड असे काही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर याच जिल्ह्यातील उमरगा भागात घरे नव्याने उभी करताना गावोगावच्या महिला मंडळांतील बायकांनी सरकार आणि गावकरी यांच्यामधला दुवा म्हणून काम केले. घर कसे बांधावे, पैसा कोठे खर्च व्हावा, हे त्यांनी समजून घेतले आणि इतरांना समजावले. ज्यांनी घरांचा हिशेब सांभाळला, त्यांना गोधडीचा हिशेब जड जाणार नाही.

तगरच्या कापडावर विणणाऱ्याचे नाव नव्हते. गोवर्धनच्या विणकरांना संघामुळे पत मिळाली. चरखा संघाने काततीचे तास मोजले. आपल्या मंडळाच्या पुढच्या मेळाव्यात गोधडीला चिठ्ठी जोडली गेली आणि तीवर करणारीचे नाव व तास लिहिले गेले, तर हे सारे काम आपण आपल्या परीने एक पाऊल पुढे नेले असे होईल. चिठ्ठ्यांसाठी जाड कागद आणि दाभण-दोरा मंडळाच्या कपाटात आहेच.